धूर दिसला होता का?

बेथिया हॅडो आमची शेजारीण. शेजारीण म्हणजे काय, तर वारा बरोबर असला तरच तिचा कोंबडा आम्हाला ऐकू यायचा. मधे सगळं मेपल आणि बीचचं रान. पण ह्युरन सरोवराच्या अलीकडच्या आमच्या ड्रमोर टाऊनशिपमध्ये, नव्यानेच वसवलेल्या त्या भागात, त्या काळी एवढं अंतर म्हणजे भिंतीला भिंत लागून असल्यासारखंच. तिच्या पलीकडे ॲडम आणि लिलियास स्टॉडर्ट. आम्ही तिन्ही जोडपी स्कॉटलंडहून एकाच जहाजातून आलो, आणि पहिला हिवाळा एकाच ओंडक्यांच्या खोपटात काढला. कुणाचा नवरा घोरतो, कुणाची बायको झोपेत भांडते, हे सगळ्यांना ठाऊक. लिलियास तर बेथियाच्या मांडीवर डोकं ठेवून रडायची. तिला आईची आठवण यायची, आणि ती होतीच लहान.

दुसऱ्या वर्षी बेथियाचा नवरा गॅव्हिन गेला. एल्मचं झाड पाडत होता, ते भलतीकडे फिरलं. मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आता ही बर्फ वितळायच्या आत मायदेशी परत जाणार. माझा नवरा निनियन तिला म्हणालासुद्धा, "बेथिया, बंदरापर्यंत मी सोडतो तुला."

ती म्हणाली, "कशाला? अर्धं रान त्याने पाडून ठेवलंय. ते जाळायचं कुणी?"

आणि तिने जाळलं. काजळीने तोंड माखलेलं, घागरा गुडघ्यापर्यंत खोचून ती ओंडके पेटवायची आणि राखेतून विकायला पोटॅशचा क्षार काढायची. खुंटांच्या मधेमधे कुदळीने जमीन उकरून तिने गहू पेरला. सरकारने जमीन फुकट दिली होती, पण कागद हातात पडायला अटी होत्या. ठरलेली जमीन साफ करायची, घर बांधायचं आणि त्या घरात सलग राहायचं. मधेच जमीन सोडून गेलात तर दुसरा कुणीही ती मागू शकतो. पुरुषांनासुद्धा हे जमेना. दोन-तीन कुटुंबं अर्ध्यात सोडून गेली. बेथिया मात्र टिकली. खानावळीत बसणारे लोक आधी तिला हसायचे, पुढे तिच्या गव्हाचं बी मागायला येऊ लागले.

तिसऱ्या वर्षी, पहिला बर्फ पडला त्याच आठवड्यात लिलियास बाळंत झाली. मुलगी झाली. बाळ ठणठणीत, पण आईला ताप भरला आणि उतरेचना. डॉक्टर इतका लांब की त्याला आणेपर्यंत बाई उरली नसती. ॲडम बर्फावरून ओढायची स्लेज घेऊन बेथियाच्या दारात गेला. मी तेव्हा तिच्याकडेच लोकर पिंजत बसले होते.

"बेथिया, चल," तो म्हणाला. तोंडावरचे अश्रू गोठले होते त्याच्या. "ती तुझंच नाव घेतेय."

"माझी गाय?"

"गायही घेऊ बरोबर. कोंबड्या घेऊ. तुझं सगळं घर उचलून नेतो, पण चल."

बेथियाने चुलीतले निखारे राखेखाली दाबले, शाल घेतली आणि निघाली. आठ-पंधरा दिवसांत परत येईन म्हणाली मला.

परत आली ती थंडी सरून मेपलचा रस ठिबकायला लागला तेव्हा. सगळा हिवाळा लिलियास अंथरुणात होती. ताप गेला तर पायाला सूज आली. सूज उतरली तर डोकं फिरल्यासारखं करायला लागली, बाळाला जवळ घेईना. बेथियाने त्या बाळाला फडक्याच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलं. लिलियासला न्हाऊ-माखू घातलं, तिच्या पाठीला अंथरुणाने जखमा झाल्या त्या रोज धुतल्या. मी अधूनमधून जायचे. एकदा गेले तर बेथिया उभ्याउभ्याच झोपली होती, भांडं हातात तसंच.

लिलियास पहिल्यांदा आपल्या पायांनी दारापर्यंत चालत आली त्या दिवशी ॲडम आम्हा सगळ्यांसमोर बेथियाचे हात धरून रडला. "हे घर तुझं आहे बेथिया," म्हणाला. "जोवर मी आहे तोवर तुला या रानात काही कमी पडणार नाही." मुलीचं नावही बेथिया ठेवलं. आमच्या निनियनने त्या दिवशी ठेवणीतली व्हिस्की काढली होती.

आता गिरणीचं सांगते. आमच्या भागात पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी नव्हती. गहू पाठीवर घेऊन दक्षिणेला इतकं लांब जावं लागायचं की येता-जाता दोन ठिकाणी मुक्काम पडायचा, आणि त्यात चिखल, दलदल, डास. जे जाऊ शकायचे नाहीत ते खुंट पोखरून केलेल्या उखळात गहू कुटायचे. त्या पिठाच्या भाकरीत दाताखाली लाकूड यायचं. त्यामुळे गिरणी हे सगळ्यांचं एकच स्वप्न. त्या उन्हाळ्यात गिरण्या बांधणारा एक कारागीर आमच्याकडून जात होता. त्याने ओढा बघितला आणि सांगितलं, सबंध टाऊनशिपमध्ये गिरणीजोगी जागा एकच, बेथियाच्या जमिनीत ओढा जिथे खाली उडी घेतो तिथे.

ॲडम दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेला. विकत दे म्हणाला.

"सगळी नाही देणार," बेथिया म्हणाली. "ओढ्याकाठचा तुकडा घे. बांध गिरणी. माझा गहू फुकट दळून दिलास की झालं."

"पण बांध घातला की पाणी मागे चढेल, तुझं खालचं शेत बुडेल. शिवाय रस्ता लागेल, गोदाम लागेल. सगळीच जमीन हवी गं."

"मग बांध जरा कमी उंचीचा घाल. सगळी द्यायची तर मी राहू कुठे, तुझ्या पिठाच्या कोठीत?"

ॲडम हसला. ती पण हसली. तो विषय तिथेच संपला असं तिला वाटलं, आणि आम्हालाही.

पिकं निघाल्यावर बेथिया तिच्या जमिनीच्या कागदासाठी अधिकाऱ्याकडे गेली. अटींप्रमाणे सगळं झालं होतं. अधिकारी म्हणाला, "तुमच्या जमिनीवर हरकत आली आहे. तुम्ही अट मोडली, सलग राहिला नाहीत, असं म्हणणं आहे. शनिवारी सुनावणी."

"कुणाची हरकत?"

"ॲडम स्टॉडर्ट यांची."

ती सरळ आमच्या घरी आली. रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. "ग्रिझेल, काहीतरी चूक झालीय," मला म्हणाली. "दुसरा कुणी स्टॉडर्ट आहे का गं पलीकडच्या टाऊनशिपमध्ये?"

निनियन चुलीपाशी बसून जोडा शिवत होता. त्याने मान वर केली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण आपल्या माणसाकडे आपण तसं बघत नाही.

सुनावणी खानावळीच्या मोठ्या खोलीत झाली. सगळं ड्रमोर लोटलं होतं. पुरुष बाकांवर, आम्ही बायका भिंतीला. अधिकारी तरुण होता, सर्दी झाली होती त्याला, सारखा नाक पुसत होता. ॲडम नव्या कोटात आलेला. बेथिया त्याच्याकडे टक लावून बघत होती, त्याने एकदा तरी बघावं म्हणून. तो बघेना.

ॲडमने साक्षीदार म्हणून पहिलं नाव घेतलं ते निनियनचं.

घरातून निघताना तो मला म्हणाला होता, "बघू, काय होतंय ते."

"तुम्ही शेजारी राहता," अधिकारी म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात बाई हॅडो यांच्या धुराड्यातून धूर दिसला होता का?"

निनियनने टोपी हातात फिरवली. "नाही, साहेब."

"एकदाही?"

"तसं, बर्फ होतं सगळीकडे... नाही. दिसला नाही."

"त्यांच्या दाराशी पावलं? गुरं?"

"नाही."

दुसऱ्या साक्षीदारानेही तेच सांगितलं. तो आमच्या चर्चमधला वडीलधारा माणूस होता, त्याच्या सुनेला लवकरच बाळ व्हायचं होतं आणि तो बाळंतपणाला ये म्हणून बेथियाला सांगून ठेवायला आठवड्यापूर्वीच गेला होता. कुणी खोटं बोललं नाही. धूर नव्हता. पावलं नव्हती. गाय तर ॲडमच्याच गोठ्यात होती.

मला राहवेना. मी भिंतीपासून ओरडले, "साहेब, ती होती कुठे ते विचारा की! तेवढं विचारा!"

"बाई, तुमची पाळी नाही," तो म्हणाला. पण मग ॲडमकडे वळला. "कुठे होत्या त्या?"

त्या वेळी मला वाटलं, आता तो खाली मान घालेल. काही झालं तरी त्याच्याच बायकोच्या जखमा धुतल्या होत्या तिने. ॲडमने घसा साफ केला.

"आमच्याकडे होती, साहेब. आम्ही थारा दिला होता. विधवा बाई, एकटी. हिवाळ्यात तिला घर चालवणं जमत नव्हतं. ख्रिस्ती माणसाने दार कसं लावून घ्यायचं? गाईसकट ठेवून घेतली आम्ही."

मी एकेकाचं तोंड बघितलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाला खरं काय ते ठाऊक होतं. प्रत्येकाने त्या हिवाळ्यात विचारलं होतं, "लिलियास कशी आहे? बेथिया आहे ना तिच्यापाशी?" आणि आता सगळे जमिनीकडे, छताकडे, स्वतःच्या नखांकडे बघत होते. त्यांना गिरणी दिसत होती. पाठीवरचं पोतं उतरलेलं दिसत होतं.

बेथिया उठली. तिचा आवाज अगदी साधा होता, जेवायला बोलवावं तसा.

"ॲडम, लिलियासला आण. साहेब तिलाच विचारतील."

"तिला बरं नाही," ॲडम म्हणाला. तिच्याकडे न बघता.

अधिकाऱ्याने नाक पुसलं. "बाई, का राहत नव्हता हा माझा प्रश्नच नाही. राहत होता की नव्हता, एवढंच मला बघायचंय. तुम्हीच सांगा. त्या हिवाळ्यात तुम्ही तुमच्या घरात राहिलात?"

"नाही," बेथिया म्हणाली.

झालं. जमीन ॲडमच्या नावावर झाली.

बेथिया खानावळीतून निघाली ती सरळ स्टॉडर्टांच्या वाटेला लागली. मी तिच्यामागे धावले. ती इतकी भराभर चालत होती की मला धाप लागली. "अगं थांब, रागाच्या भरात काही बोलशील," मी म्हणत होते. खरं तर तिने बोलावं असं मला फार वाटत होतं.

लिलियास अंगणात लोणी काढत होती. बाह्या वर सारलेल्या, गाल लाल. आम्हाला बघून तिची रवी थांबली.

"तुला बरं नाही म्हणे?" बेथियाने विचारलं.

लिलियासच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याने मला येऊ दिलं नाही गं. म्हणाला, घरी राहा. म्हणाला, बेथियाचं काही वाईट होणार नाही. गिरणी झाली की तिला गिरणीजवळ चांगली खोली बांधून देऊ. तुला एवढी कष्टाची जमीन कशाला, तू दमतेस, असं म्हणाला..."

"आणि तुला पटलं?"

लिलियास पुन्हा रवी फिरवायला लागली. दारातल्या टोपलीत पोर झोपली होती, आता चांगली गुबगुबीत झालेली. बेथिया तिच्यापाशी वाकली. मला वाटलं, उचलून घेते की काय. तिने फक्त पोरीची टोपी कानांवर ओढली.

"हिच्या कानाला वारा सोसत नाही," ती म्हणाली. "विसरू नकोस." आणि निघाली.

त्या संध्याकाळी मी निनियनच्या पुढ्यात लापशीचं भांडं आदळलं.

"मी खोटं बोललो नाही," तो म्हणाला.

"कुठे म्हणतेय मी? खरंच बोललास की. असं खरं बोलायला किती दिवस शिकवत होता तो तुला?"

"ग्रिझेल, गिरणी काय एकट्या ॲडमला हवीय? गेल्या वर्षी पाठीवर पोतं घेऊन दलदलीत बुडता बुडता वाचलो, ते विसरलीस? तिला म्हातारपणी कोण होतं नाहीतरी—"

"आपण होतो," मी म्हणाले. "तिला वाटत होतं, आपण होतो."

तो भांडं तसंच ठेवून बाहेर गेला. मीही त्याला हाक मारली नाही. आमचं लग्न त्यानंतरही खूप वर्षं टिकलं, तो वाईट नवरा नव्हता. पण त्या दिवसापासून तो काही सांगायला लागला की मी मनात म्हणायचे, हा काय सांगत नाहीये ते बघ.

बर्फ पडायच्या आत बेथियाने घर सोडलं. ती निघणार कळल्यावर लोक एकेक करून येऊ लागले. कुणी कोंबडी आणली, कुणी मेपलची साखर, त्या चर्चच्या म्हाताऱ्याने तर मेंढीचं कातडं आणलं. बेथिया दारातच उभी राहायची. "ठेवायला जागा नाही," म्हणायची, आणि वस्तू परत द्यायची. रडली नाही, शाप दिले नाहीत. लोक तिच्या अंगणातून परत जाताना कुणीतरी पाठीत काठी मारल्यासारखे वाकून जायचे. मला ते बघून बरं वाटायचं.

तिचं सामान हलवायला बैल लागणार होते, आणि आसपास बैल आमचेच. निनियन स्वतः गेला. दोन दिवस गाडी हाकली त्याने, उत्तरेला सरोवराच्या काठाजवळ, जिथे तिने गाय विकून एक दगडाळ तुकडा घेतला होता. परत आला तो बेथियाने कातलेल्या लोकरीच्या सुताची मोठी लड घेऊन.

"हे काय?"

"भाडं," तो म्हणाला. "घेत नाही म्हटलं तर म्हणाली, मग बैल परत वळव, मी सामान डोक्यावरून नेते." तो बाकावर बसला. "वाटेत सगळं बोलली गं ती. हवेबद्दल, बैलांच्या खुरांबद्दल. मी माफी मागायला तोंड उघडलं की ती बैलांना हाकायला लागायची."

गिरणी झाली. सगळ्यांनी मिळून सांगाडा उभारायचा, त्या इर्जिकीला सगळं ड्रमोर गेलं, मी सोडून. ॲडमचं दुकानही झालं पुढे, आणि लोक त्या जागेला स्टॉडर्टची गिरणी म्हणू लागले. दळणाच्या बदल्यात तो किती गहू ठेवून घेतो यावरून कुरकुर सुरू झाली तेव्हा कुणाच्या तोंडी बेथियाचं नाव आलं नाही. ते नाव ड्रमोरमध्ये कुणीच घेत नव्हतं.

मधे दोन हिवाळे गेले, आणि लिलियास पुन्हा गरोदर राहिली. दिवस भरत आले तशी ती घाबरून गेली. पहिल्या वेळचं सगळं आठवून खाईना, झोपेना. एकच धोशा, बेथिया. ॲडम आमच्या दारात आला. बारीक झाला होता.

"ग्रिझेल, तू चल माझ्याबरोबर," म्हणाला. "मला एकट्याला ती दारातही उभं करणार नाही."

मी लिलियाससाठी गेले. त्याच्यासाठी नाही, हे मी त्याला स्लेजमध्ये बसतानाच सांगितलं.

बेथियाचं घर छोटंसंच होतं, पण भिंतींच्या फटी मातीने इतक्या नीट लिंपलेल्या की बघत राहावं. तिने मला मिठी मारली. ॲडम घोड्यापाशीच थांबला होता. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग दारात जाऊन त्याला म्हणाली,

"मी येणार नाही."

"बेथिया, तू म्हणशील ते—"

"मी माझं घर सोडून कुणाकडे राहत नाही. तिला इथे घेऊन ये."

"अशा अवस्थेत? एवढ्या लांब, बर्फातून?"

"वर पेंढा घाल, खाली तापवलेले दगड ठेव. घोडा हळू चालव. आणि आणून सोडलीस की तू परत जायचं."

ॲडम स्टॉडर्टने, ज्याच्यापुढे आता सगळं ड्रमोर टोपी काढत होतं, बायकोला पेंढ्यात गुंडाळून ती वाट पार केली. मी लिलियासचा हात धरून स्लेजमध्ये बसले होते. बेथियाने तिला आत घेतलं आणि दार लावलं. तो बाहेर थोडा वेळ उभा राहिला, मग घोडा वळवून गेला. मुलगा झाला, सुखरूप. लिलियासला पुन्हा ताप आला, पण या वेळी लवकर उतरला. वाटा मोकळ्या होईपर्यंत ती तिथेच राहिली, आणि ड्रमोरमध्ये ॲडमला जो भेटेल तो विचारायचा, "बायको कुठेय?" त्याला दर वेळी बेथियाचं नाव घ्यावं लागायचं.

बर्फ वितळल्यावर लिलियास परत आली. मी बाळ बघायला गेले तर ती खिडकीशी बसली होती, मुलगा मांडीवर.

"बोलली का काही?" मी विचारलं.

"नाही गं." लिलियास म्हणाली. "माझं सगळं केलं तिने. अगदी पहिल्यासारखं. पाठ चोळून दिली, रात्री बाळाला घेऊन फेऱ्या मारल्या. मी रोज वाट बघायचे, आज बोलेल, आज बोलेल. एक दिवस मीच तिचे पाय धरले. म्हटलं, बेथिया, मी त्या दिवशी यायला हवं होतं. मला ठणठणीत बरं होतं."

"मग?"

"मला उठवून बसवलं. म्हणाली, दूध उतू जातंय, बघ जरा. नंतर कांद्याच्या रोपांबद्दल सांगत बसली." लिलियासने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "एकदा तरी शिवी घालायची होती गं तिने मला, ग्रिझेल. एकच."